तलावाकाठी बगीचा, हरणं आणि जुन्या वस्तूंचं संग्रहालय: २० रुपये तिकिटावर चालेल का?

तुमच्या ग्रामपंचायतीला तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, बगीचा करायचा आहे, एका कोपऱ्यात हरणं-मोर ठेवायचे आहेत, जुन्या समाजमंदिरात शेतीच्या अवजारांचं संग्रहालय लावायचं आहे. माणशी २० रुपये तिकीट ठेवलं तर खर्च निघेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

नाही निघणार. पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण मी असाच एक बगीचा तीन वर्षं ठेक्याने चालवला आहे, आणि त्यापायी माझं नि माझ्या काकाजींचं आजही धड बोलणं नाही, म्हणून लिहून राहिलो.

हरीण-मोराचा विषय आधी संपवतो. चितळ, मोर, अगदी आपला साधा हिरवा पोपटसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. पिंजरा लावून लोकांना दाखवायचं म्हटलं की केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता पाहिजे. त्यांना आराखडा लागतो, जनावरांच्या डॉक्टरची सोय लागते. नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयामागे कृषी विद्यापीठ उभं आहे, गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयामागे वन विकास महामंडळ. तुमच्यामागे कोण आहे? पिंजऱ्यातल्या वाघाला आठवड्यातून एक दिवस उपास असतो हे लोक कौतुकाने सांगतात, बाकी सहा दिवसांच्या मांसाचं बिल कोणी सांगत नाही. ताडोब्यातला वाघ आपलं जेवण आपणच शोधतो, म्हणून परवडतो. हरणं विसरा.

आता बगीचा. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, मालगुजारी तलावाचं, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या वेळच्या तलावाचं. २०१६ मध्ये पाळीखालच्या पडीत जागेवर बगीचा झाला. कारंजं, झोके, घसरगुंडी, बॅटरीवरची झुकझुक गाडी, दोन पॅडल बोटी आणि कुंपणाजवळ सिमेंटचा एक जिराफ. (जिराफ काहून, हे मला आजवर कोणी सांगितलं नाही.) उद्घाटनाला मंडप, फीत, तर्री-पोहे. चार महिन्यांत कारंज्याची मोटर जळाली आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की मोटर बसवायला निधी होता, भरून आणायला नव्हता.

सगळी गोम इथेच आहे. आमदार-खासदारांचा निधी बांधकामाला मिळतो, रोजच्या खर्चाला नाही. वित्त आयोगाच्या पैशातून पगार करता येत नाही. उरला ग्रामनिधी, म्हणजे घरपट्टी, आणि ती तुमच्या गावात किती वसूल होते हे ग्रामसेवकाला एकट्यात गाठून विचारा. आमच्या पंचायतीने मग बगीचा लिलावात काढला. बसस्टँडवर माझं झेरॉक्सचं दुकान होतं, हाती थोडा पैसा होता. वर्षाला ६० हजारांवर बोली माझ्या नावावर सुटली. वर्ष २०१७.

खर्चाचं गणित तुम्ही उन्हाळ्यात मांडून राहिले असाल. ते जुलैत मांडा. मे महिन्यात पोट्टे सुट्टीवर असतात, संध्याकाळी गर्दी होते, पण दिवसभर पारा ४५ च्या घरात आणि लॉन पाणी पिऊन पिऊन बिल वाढवते. जुलैत बिल कमी होते, पण माणूसच फिरकत नाही. चौकीदार, माळी आणि झाडझूड करणारी बाई, तिघांचे मिळून महिन्याला १८ हजार मात्र चालूच. त्यातही धानाचे रोवणे (लावणी) लागले की बाई आणि माळी दोघंही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. रोवण्याची मजुरी माझ्या रोजीपेक्षा जास्त, मी कोणत्या तोंडाने थांबवू? त्या दीड महिन्यात बगीच्याला मीच माळी, मीच झाडूवाला.

बोटींचं तर विचारूच नका. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आला, पण गावाचे निस्तार हक्क, म्हणजे तलाव वापरायचे जुने हक्क, राहिले, आणि मासे धरायचा ठेका ढिवर समाजाच्या सोसायटीकडे. बोट फिरली की त्यांचं जाळं फाटे. पुढे धानाला पाणी सोडलं की तलाव खाली उतरे आणि बोट चिखलात बसे. पहिल्या वर्षी दोन जाळी भरून दिली आणि बोटी उलट्या करून झाडाखाली ठेवल्या. शेवटी कुत्री त्यांच्या सावलीत झोपत.

पण मुख्य भांडण तिकिटाचं. काकाजी, म्हणजे माझे सख्खे चुलते, तेव्हा पंचायतीत वजनदार. ग्रामसभेत त्यांनी ठराव आणला, गावच्या माणसाला तिकीट नाही. टाळ्या वाजल्या. मी उभा होऊन म्हटलं, १० चं ५ करा, पण फुकट करू नका. फुकट्याला मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याचा हिशेब मागता येत नाही. कोणी ऐकलं नाही.

तान्हा पोळा, २०१८. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. लेकरं लाकडी बैल सजवून आलेली, मागे अख्खं घर. गेटवर मी पुतण्याला चिंचोके देऊन बसवलं होतं, माणूस आत गेला की एक चिंचोका डब्यात. काकाजी स्वतः गेटवर खुर्ची टाकून बसले आणि पाहुण्यारावळ्यांना आत सोडत राहिले. “हा आपला जावई होय, याचे कायचे पैसे?” “हे आपल्या सोयऱ्याचे पोट्टे.” “हे तर दरवर्षी येतेत.” तीन गावांचे लोक आमच्या गावचे होऊन आत गेले. रात्री डबा उलटा केला. चिंचोके ९४०, तिकिटं ११८. झोक्याची एक कडी तुटलेली, लॉनवर पत्रावळ्यांचा ढीग.

मी तो डबा घेऊन तसाच काकाजींच्या ओसरीवर गेलो. ते म्हणाले, “तू ठेकेदार हायेस, मालगुजार नाहीस.” मी म्हटलं, “मालगुजाराने तलाव खोदून देला, तुमी त्याच्या काठी सिमेंटचा जिराफ उभा केला.” नको बोलायला पाहिजे होतं. काकू आतून बाहेर आली आणि चहा न देता परत गेली.

असो. त्यानंतर मी तिकिटाचा नाद सोडला. गेटबाहेरची जागा झाडून गाडीतळ केला, मोटारसायकलला १० रुपये. गंमत बघा, ज्या माणसाला १० चं तिकीट अपमान वाटते, तो गाडीचे १० निमूट देतो. आलूबोंडा-चहाचा ठेला भाड्याने न देता स्वतः लावला. वहीत वर्षाअखेर बेरीज केली तर निम्म्याहून जास्त पैसा ठेल्याचा, मग गाडीतळ, मग झुकझुक गाडी, तिकीट सगळ्यात शेवटी. म्हणून सांगतो, २० ठेवू की ३० यात रात्र घालवू नका. आतल्या कॅन्टीनचा ठेका पंचायतीने कोणाला, कितीत दिला, यावर रात्र घालवा.

लोक लगेच शेगावच्या आनंद सागराचं उदाहरण देतात. तिथे गजानन महाराज संस्थानाचे सेवाधारी आहेत, पाळीपाळीने येतात आणि मोबदला घेत नाहीत. तुमच्या गावात पाळीने फुकट झाडू मारणारे शंभर लोक असतील तर तुम्हीही करा.

संग्रहालयाचं थोडक्यात. नुसत्या तिकिटावर ते सहसा चालत नाही. नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून आहे, तो सरकार चालवते. वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींनी १९३८ मध्ये उघडलं, त्यांच्याकडे जोडीला खादी आहे, विक्री आहे. तुमच्याकडे विकायला काय आहे ते आधी ठरवा, मग खोली रंगवा. आमच्याकडेही एक खोली केली होती. तिफन, डवरा, मोट, पायली-कुडव, एक जातं. लोकांनी हौसेने दिलं, पण कोणी नोंदवही ठेवली नाही. दोन वर्षांनी एक आजी सुनेला घेऊन आली आणि जातं मागू लागली. ते तिचं होतं की शेजारणीचं, कोणाला सांगता येईना. तिफनीला उदई (वाळवी) लागली. किल्ली आता शिपायाकडे असते. तुम्ही पहिल्या दिवशी २० रुपयांची वही घ्या, वस्तू, देणाऱ्याचं नाव, तारीख, सही, आणि दान की उसनी हे लिहून घ्या. संग्रहालयाच्या प्रवेशावर जीएसटी नाही, झोके-गाड्यांच्या तिकिटावर लागतो. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर नोंदणीच लागत नाही, आणि तुमची २० लाख होणार नाही, निश्चिंत राहा.

तुमचं गाव ताडोब्याच्या किंवा नागझिऱ्याच्या गेटच्या रस्त्यावर असलं तर माझं अर्धं गणित चुकीचं समजा, तिथे बाहेरचा माणूस थांबतो. तरी पावसाळ्यात तिकडचीही गर्दी ओसरते. आणि माझा ठेका शेवटी तिकिटाने नाही, मार्च २०२० मध्ये कोरोनाने संपला, हेही सांगायला पाहिजे. त्याआधी दोन वर्षांत मी ४० हजारांनी खाली होतो, तिसऱ्या वर्षी जेमतेम वर आलो होतो.

काकाजींचंही एक खरं होतं. संध्याकाळी सातनंतर गावच्या म्हाताऱ्या बाया त्या लॉनवर येऊन बसत. घर सोडून बसायला त्यांना दुसरी जागाच नव्हती, आणि ५ रुपये असते तरी त्या आल्या नसत्या. तेव्हा गावकऱ्यांना फुकट ठेवायचं असेल तर ठेवा. फक्त ठरावात लिहून घ्या, की गावकरी म्हणजे मतदारयादीत नाव असलेला आणि त्याची लेकरं. जावई त्यात येत नाही.