तिघा मित्रांनी मिळून ईडीएमचा डीजे-प्रोड्युसर ग्रुप काढला तर रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिघं सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, दोन वर्षं एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर ईडीएमचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचे, ट्रॅक बनवताय, घरचे म्हणतात हे नुसतं बटण दाबायचं काम आहे, आणि ग्रुप करावा की एकेकट्याने करावं ते ठरत नाहीये. मी पुण्यात अशाच तिघांच्या ग्रुपमधे नऊ वर्षं आहे. एक कोल्हापूरचा, एक नाशिकचा आणि मी. 2016 ला सनबर्न हा ईडीएमचा फेस्टिव्हल पहिल्यांदा गोव्यातून पुण्याला आलं, केसनंदला, तेव्हा आम्ही गर्दीत उभे होतो. नाशिककर स्टेजकडे बघत होता आणि कोल्हापूरकर मागच्या स्पीकर टॉवरच्या भोवती फिरत होता, आवाज कुठे जड पडतो कुठे हलका ते बघत. परत येताना बसमधे ठरलं की काढू या ग्रुप.

ग्रुप कशासाठी करायचा ते आधी नीट समजून घ्या, कारण बरेच जण स्टेजवर तीन माणसं भारी दिसतात म्हणून करतात आणि वर्षभरात मोडतात. ग्रुप करायचा तो कानांसाठी. एकच आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, तुम्ही तीनशे वेळा ऐकलात की तुमचा कान खोटं सांगायला लागतो, हे कुणाच्याही बाबतीत होतं, त्यात हुशारीचा संबंध नाही. त्यात आवाज वाढवला की बेस जास्त भरल्यासारखा वाटतो, आपल्या कानाची रचनाच तशी आहे, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मधेच हे मोजून दाखवलंय, हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. म्हणजे रात्री दोन वाजता मोठ्या आवाजात जे तुफान वाटतं ते सकाळी चहा पिताना ऐकलं की पोकळ निघतं. तेव्हा ज्याने रात्र घालवलेली नाही असा एक कान घरात लागतो. आमच्याकडे पहिल्यापासून एक नियम आहे, ज्याने आवाज बनवला त्याने ऐकवताना गप्प बसायचं. हे असं का केलंय, इथे पुढे काय येणार आहे, काही बोलायचं नाही. बाकीचे दोघं सकाळी हळू आवाजात ऐकणार आणि दोघांनीही नाही म्हटलं तर तो आवाज गेला. माझे असे कितीतरी आवाज गेलेत आणि त्या वेळी फार लागलंय मनाला, पण आज मागे वळून बघताना त्यातला एकही परत आणावासा वाटत नाही.

एक किस्सा सांगतो म्हणजे कळेल. सुरवातीला आमची खोली होती कोथरूडला, दहा बाय दहा, भाडं तिघांत, भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या कारण इंटरनेटवर वाचलेलं की आवाज घुमायला नको. टेबल बरोबर मधोमध. आमचे ट्रॅक खोलीत छान वाजायचे पण बाहेर क्लबमधे लावले की किक, म्हणजे तो मूळ धड् धड् ठोका, नुसता घुमायचा, सगळा चिखल. तीन महिने आम्ही प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारी जोड-सॉफ्टवेअर, बदलत बसलो, सूर तयार करणारे सिंथ बदलले, एकमेकांवर चिडलो, नाशिककर तर म्हणाला की आपल्याला हे जमतच नाही सोडून देऊ. मग कोल्हापूरकरचे मामा पुण्याला कामानिमित्त आले, त्यांचा मंडप आणि साउंडचा धंदा, तुमच्या-आमच्याकडे ज्याला डॉल्बी म्हणतात ते. ते खोलीत आले, मधे खुर्चीवर बसून एक मिनिट ऐकलं, मग उठून लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "हितं ये. हितं ऐक." मी गेलो तर कोपऱ्यात बेस असा की कपाटाचं दार थरथरतंय, आणि दोन पावलं मधे आलो की गायब. खुर्ची आमची नेमकी त्या गायब होणाऱ्या जागेवर होती. तिथे ऐकू येत नाही म्हणून आम्ही बेस वाढवत होतो, वाढवत होतो, आणि बाहेर तो सगळा जास्तीचा बेस लोकांच्या अंगावर जात होता.

नंतर हिशोब केला. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर, आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, समोरासमोरच्या दोन भिंतींत जी अर्धी लाट बसते ती 56 हर्ट्झच्या आसपास येते. ती लाट भिंतीपाशी घुमते आणि बरोबर मधोमध गायब होते, आणि आमची किक होती 55 हर्ट्झवर! शिवाय खोली चौकोनी, त्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तीच गडबड. गाद्या फक्त वरचा आवाज खातात, एवढ्या खालच्या लाटेला त्या काहीच करत नाहीत. टेबल समोरच्या भिंतीकडे सरकवलं, आता कान त्या भिंतीपासून साधारण चार फुटांवर येतो, आणि महिन्याभरात ट्रॅक बाहेर बरे वाजायला लागले. मामांनी कुठल्या कॉलेजात हे शिकलेलं नाही, पंचवीस वर्षं चौकाचौकात स्पीकर लावून शिकलेत. आपल्याकडे डीजे म्हटलं की लोक गणपतीतली स्पीकरची भिंत समजतात आणि ईडीएमवाल्या पोरांना त्याचा राग येतो, मला येत नाही, आम्हाला सगळ्यात मोठा धडा त्याच लोकांकडून मिळालाय.

आता बटणाचं. घरच्यांना सांगा की बटण दाबतात हे खरंच आहे, प्रश्न आधी काय केलंय आणि कुठलं बटण कधी हा आहे. मोठ्या फेस्टिव्हलला लाइट, आग, स्क्रीनवरचे व्हिज्युअल सगळं सेकंदाला बांधलेलं असतं तिथे सेट बऱ्यापैकी आधी ठरलेला असतो. क्लबमधे दोन तासांचा सेट तसा ठरवून चालत नाही. 128 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांच्या वेगाला, सोळा बार म्हणजे 64 ठोके, म्हणजे बरोब्बर 30 सेकंद. एक ट्रॅक उतरणीला लागला की पुढचा कुठला हे त्या 30 सेकंदांत ठरवायचं असतं. आमच्यात एक जण मिक्सर धरतो, एक पुढचा ट्रॅक हेडफोनवर लावून तयार ठेवतो आणि तिसरा फक्त लोकांकडे बघतो. तिसऱ्याचं काम लोकांना काहीच वाटत नाही पण तेच सगळ्यात अवघड आहे. मागच्या रांगेतले लोक बारकडे सरकायला लागले की तो खांद्याला हात लावतो, एक टॅप म्हणजे बदल, दोन टॅप म्हणजे चालू दे. एकदा गोव्यात माझ्या चुकीने पेन ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट झाला होता आणि तिथले प्लेअर जुने, ते वाचेनात, घाम फुटला. नाशिककरच्या चावीच्या रिंगमधे दुसरा होता, फॅट 32 या जुन्या पद्धतीचा, त्यावर निभावलं. तेव्हापासून तिघांकडे एकेक कॉपी असतेच.

आठवड्याचं म्हणाल तर शुक्रवार-शनिवार बाहेर, बाकी दिवस खोली. गोव्याला आम्ही गाडीनेच जातो, निपाणीपर्यंत हायवे आणि पुढे आंबोली घाट, परत येताना एकाने झोपायचंच नाही, गाडी चालवणाऱ्याशी बोलत राहायचं. झोपेचं गणित बिघडतं, ते पहिल्या दिवसापासून मनावर घ्या. अविची या स्वीडनच्या नावाजलेल्या डीजेने 2016 मधे टूर करणं थांबवलं आणि 2018 मधे 28 व्या वर्षी तो गेला, एवढं यश मिळालेला माणूस. त्या दिवशी आम्ही तिघं खोलीत नुसते बसून होतो, कुणीच कॉम्प्युटर चालू केला नाही.

पैशाबद्दल लोक लाजतात, तुम्ही लाजू नका. पहिल्या गिगचे, म्हणजे कार्यक्रमाचे, आम्हाला तिघांत मिळून 8 हजार मिळाले, त्यातले निम्मे येण्याजाण्यात गेले. पहिली तीन वर्षं तिघांच्याही नोकऱ्या होत्या. आता जे येतं त्याचे चार वाटे होतात, तीन आमचे आणि चौथा खोलीचा, म्हणजे भाडं, सॉफ्टवेअर, दुरुस्ती. हे आम्ही भांडण झाल्यावर शहाणे होऊन केलं. नाशिककरने सुचवलेली एक चाल जाहिरातीत गेली आणि प्रश्न आला की पैसे त्याचे की तिघांचे, दोन महिने आम्ही नीट बोलत नव्हतो. शेवटी एका सीएकडे जाऊन पार्टनरशिप डीड केलं, फर्मचं पॅन काढलं आणि लिहून ठेवलं की ग्रुपच्या नावाने निघालेल्या प्रत्येक ट्रॅकमधे तिघं सारखे, चाल कुणाचीही असो. तुम्ही हे पहिला ट्रॅक बाहेर काढायच्या आधी करा, तेव्हा वाटायला काही नसतं म्हणून कुणी भांडत नाही. आणि जुन्या लावणीचा किंवा सिनेगीताचा तुकडा घेणार असाल तर परवानग्या दोन लागतात, रेकॉर्डिंगची वेगळी आणि मूळ गाण्याची वेगळी. रेकॉर्डिंगचा हक्क आपल्याकडे प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं असतो पण गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, त्यामुळे रेकॉर्ड जुनी आहे म्हणजे फुकट आहे असं समजू नका.

आणि कान. हे मी सगळ्यात शेवटी लिहितोय कारण लिहायला जड जातं. 85 डेसिबलला 8 तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. डीजे बूथमधे मॉनिटर, म्हणजे डीजेला ऐकू यावं म्हणून लावलेला स्पीकर, तुमच्या डोक्यापासून हातभर अंतरावर असतो आणि तिथे तुम्ही दोन दोन तास असता. मी पहिली पाच वर्षं इअरप्लग घातले नाहीत, वाटायचं की घातले तर गर्दी कळणार नाही. एका रविवारी सकाळी उठलो तर डाव्या कानात बारीक शिट्टी, फ्रिज किंवा इन्व्हर्टर वाजतोय असं वाटलं म्हणून घरभर फिरलो, मेन स्विच बंद केला, तरी चालूच. ती आजही चालू आहे, हे लिहिताना सुद्धा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ही जाणार नाही, पण वाढू द्यायची नसेल तर बूथ बंद.

त्या दिवशी मी एकटा असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. मी दोघांना सांगितलं की मला काढा आणि तिसरा कुणीतरी घ्या. कोल्हापूरकर म्हणाला, अबव्ह अँड बियॉन्ड हा इंग्लंडचा डीजे ग्रुप, ते पण तिघं आहेत आणि बऱ्याचदा दोघंच वाजवायला जातात, आपण पण तसंच करू. तेव्हापासून दोघं बाहेर जातात आणि मी खोली सांभाळतो, मिक्सिंग माझं, हळू आवाजात, तासभर काम आणि पंधरा मिनिटं शांत. गर्दीकडे बघणारा तिसरा गेला म्हणून त्या दोघांना ते काम वाटून घ्यावं लागलं, सुरवातीला जमलं नाही, आता जमतं. वाटे मात्र चारच आहेत, बदलले नाहीत, मी बदला म्हटलं होतं, दोघंही ऐकले नाहीत. शनिवारी रात्री एक-दीडला फोनवर मेसेज येतो, किक बसली किंवा किक नाही बसली. फोनच्या रेकॉर्डिंगमधे बेस कळत नाही म्हणून ते व्हिडिओ पाठवत नाहीत, शब्दच पाठवतात, आणि मी रविवारी त्यावर काम करतो.

तुम्ही तिघं आधी फिल्टरवाले म्युझिशियन इअरप्लग घ्या, डीजे वाजवायचा नवीन कंट्रोलर नंतर. आणि खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून इथेच खाली लिहा, टेबल कुठे ठेवायचं ते सांगतो.