बाईंना विचारा : दोघांना हात मिळवायला लावू नका

प्रश्न : बाई, माझा मुलगा आठवीत आहे. बोलताना अडखळतो. हजेरीला ‘हजर’ म्हणताना ‘ह’वरच अडकला की मागच्या बाकांवरून ‘ह-ह-ह’ सुरू होतं. वर्ग हसतो, कधीकधी सरही हसतात. जूनपासून आठवड्यातून दोनदा तरी तो सायकल ढकलत घरी येतो आणि पंक्चर झाली म्हणून सांगतो. परवा त्याच्या कंपासपेटीत मला व्हॉलट्यूबचे (चाकातली हवा धरून ठेवणाऱ्या रबरी नळीचे) चार तुकडे सापडले, तेव्हा कळलं की पोरं हवा सोडतात. वर्गशिक्षक म्हणाले, दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू. मुलगा म्हणतो, तू शाळेत येऊच नकोस. त्याचे वडील म्हणतात, दे एक ठेवून, आपोआप गप्प बसतील. मी काय करू?
– एक आई, कराड तालुका

उत्तर : ताई, ते चार तुकडे वाचले आणि चष्मा काढून ठेवला. पोरगा व्हॉलट्यूबचा साठा बाळगतोय, म्हणजे उद्याही हवा जाणार हे त्यानं धरूनच ठेवलंय. कुणी मोठं माणूस काही करेल ही आशा त्यानं सोडली आणि आपल्यापुरता बंदोबस्त करून घेतला. आधी त्याला एवढंच सांगा की मला कळलंय आणि तुझं काही चुकलेलं नाही. ‘मग आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न जिभेवर येईल. तो गिळून टाका.

आता वर्गशिक्षकांचं ‘मिटवून टाकू’. ते होऊ देऊ नका. दोन सारख्या ताकदीच्या पोरांची क्रिकेटवरून जुंपली तर समोरासमोर बसवावं. हे भांडण नाही. नॉर्वेतले डॅन ओल्वेयस १९७०च्या दशकापासून या विषयावर काम करत होते. छळ ओळखायच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या : मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि ज्याच्यावर होतं त्याला उलट काही करता येत नाही असं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. ज्याला भीती वाटते त्याला ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर बसवून ‘बोल, काय झालं?’ विचारलं, तर तो ‘काही नाही’ म्हणणार. तुमचा मुलगा तर बोलतानाच अडखळतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मुख्याध्यापिका झाले त्याच वर्षी सातवीतल्या एका मुलाचा डबा रोज लाथाडला जातो अशी तक्रार आली. मी दोघांना ऑफिसात बोलावलं, सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले, वर एकेक चॉकलेट दिलं. फार समाधान वाटलं होतं मला! दिवाळीच्या सुट्टीनंतर आमचे शिपाई मामा घंटा देऊन आले आणि म्हणाले, “बाई, ते पोरगं मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दारात का बसतं, ठाऊक आहे का तुम्हाला?” मी हात मिळवायला लावले त्याच दिवशी, चुगली केली म्हणून जिन्याखाली त्याला चौघांनी मारलं होतं. तेव्हापासून तो डबाच आणत नव्हता. मामांना सगळं ठाऊक होतं. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून शाळेत गेलात की शिपाई मामांनाही भेटा. छळाला जागा आणि वेळ लागते आणि दोन्ही ठरलेल्या असतात : सायकल स्टँड, पाण्याची टाकी, मुतारी, दोन तासांमधली पाच मिनिटं, शाळा सुटल्यापासून एसटी येईपर्यंतचा वेळ. पुढे मी रोज शाळा सुटताना १० मिनिटं सायकल स्टँडवर उभी राहायला लागले. कुणाला काही बोलत नसे, नुसती उभी. पंधरवड्यात तिथला प्रकार थांबला. मग तो टाकीपाशी गेला, हेही सांगते. तिथे पीटीच्या सरांना उभं केलं.

तुम्ही एका वहीत लिहायला घ्या : तारीख, वार, काय झालं, कुठे झालं, कोण होतं. दोन आठवडे पुरेत. मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व पोच घ्या. तोंडी तक्रार शाळेत विरघळून जाते, शिक्का असलेली विरघळत नाही. अर्जात शिक्षेपेक्षा कामं मागा. सुटण्याच्या वेळी स्टँडवर मोठं माणूस हवं. त्रास देणाऱ्यांशी बोलायचं ते एकेकट्याला बोलावून, तुमच्या मुलाला समोर न बसवता आणि त्याचं नाव पुढे न करता : ‘मी स्वतः पाहतोय’ असं शिक्षकांनीच सांगायचं. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तुम्हाला बोलावून काय फरक पडला ते विचारायचं. ही शेवटची गोष्ट शाळा हमखास विसरतात, तेव्हा तारीख तुम्हीच मागून घ्या.

हजेरीचा उपाय सोपा आहे. सगळ्या वर्गानं नुसता हात वर करायचा. सगळ्या वर्गानं, हे महत्त्वाचं. एकट्या तुमच्या मुलाला सूट दिली तर उद्या त्यावरून चिडवतील. आणि सरांचं हसणं. ते अर्जात लिहू नका, पण एकटे असताना सांगा : “सर, तुम्ही हसलात की पोरांना परवाना मिळतो.” भला माणूस असेल तर खजील होईल. नसेल, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे. विद्यार्थ्याला मानसिक त्रास द्यायला त्यात मनाई आहे.

माझी खरी भिस्त मात्र हसणाऱ्यांवर आहे. ‘ह-ह-ह’ करणारे तीन असतील, हसणारे चाळीस. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली यांनी नेमकं हेच अभ्यासलं : छळणाऱ्याचे मदतनीस कोण, हसून चेव आणणारे कोण, बघून न बघितल्यासारखं करणारे कोण. त्यावरून तिथे ‘किवा’ हा शाळांसाठीचा कार्यक्रम उभा राहिला. हसणं आटलं की चिडवण्यातली मजा जाते. मुलाला विचारा, वर्गात न हसणारा कोण आहे? एक तरी असतो. त्याला एखाद्या रविवारी घरी जेवायला बोलवा, धपाटे करा. शाळा सुटताना दोघं बरोबर निघाले की निम्मं काम झालं.

त्याच्या वडिलांना सांगा, कानाखाली देणं एकदाच जमतं आणि तेही अंगानं भारी असलेल्याला. तिघं एकाला धरतात तेव्हा मार तुमचाच मुलगा खातो आणि दंगेखोर म्हणून नावही त्याचंच लागतं.

एवढं करूनही शाळा हलली नाही, तर महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगबंदीचा कायदा आहे. तो फक्त कॉलेजांसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं, पण त्यातली ‘शैक्षणिक संस्था’ बरीच रुंद आहे आणि चिडवणं, धमकावणंही त्यात येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य आढळलं तर मात्र पुढे निलंबन आणि पोलीस येतात. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांसाठी मला हे पहिल्या अर्जात नको वाटतं. दुसऱ्या अर्जात कायद्याचा नुसता उल्लेख करा.

आणि ‘तू शाळेत येऊ नकोस’चं काय? जा, पण त्याला सांगून जा. कधी जाणार, काय बोलणार, कुणाचं नाव घेणार, सगळं त्याच्याशी ठरवा. तो एखादं नाव नको म्हणाला तर तूर्त वगळा.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा एका मुलाकडून रोज वडापावचे पैसे घेत होता. शाळेनं बोलावून सांगितलं, मान खाली गेली. घरी आल्यावर पट्ट्यानं मारला. आता गप्प असतो. बरोबर केलं ना?
– एक वडील, नाशिक

उत्तर : नाही. जो मोठा तो मारतो आणि लहान गप्प बसतो, हे त्याला आधीच येत होतं. तुम्ही त्याची उजळणी घेतलीत.

पण तुम्ही ‘पोरं आहेत, मस्ती करणारच’ म्हणून विषय झटकला नाहीत, म्हणून उत्तर देते. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि त्याच्याकडूनच हिशोब मांडून घ्या : किती दिवस, रोजचे किती. ती रक्कम त्यानं परत करायची, त्याच्या खाऊच्या पैशांतून, हप्त्यांनी का होईना. त्या मुलाच्या आई-वडिलांकडे आधी तुम्ही एकटे जा. ते ‘ये’ म्हणाले तरच मुलाला न्या. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे माफी मागायला लावण्याचा बेत असेल तर तो हाणून पाडा, त्यानं दोन्ही पोरं हास्यास्पद होतात. आणि समोरच्यानं माफ केलंच पाहिजे असा आग्रह नको.

एक विचारून बघा, क्लासला किंवा मैदानावर याच्याकडून कोण पैसे घेतं? माझ्या पाहण्यातल्या अशा पोरांपैकी काहींच्या डोक्यावर दुसरा कुणीतरी बसलेला असायचा.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. माझ्या मैत्रिणींनी मला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप केला. माझ्या फोटोचं स्टिकर करून त्यात टाकतात. आई म्हणेल, मोबाइलच बंद कर. म्हणून तिला सांगितलं नाही.
– नाव नको

उत्तर : बाळा, आम्ही कट्टी घ्यायचो ती दुसऱ्या दिवशी सुटायची. तुमची रात्री ११ वाजतासुद्धा चालू असते. स्टिकर ज्या मैत्रिणीनं तुला दाखवलं, तिच्याकडून स्क्रीनशॉट घेऊन ठेव. उलट स्टिकर करून टाकू नकोस, उद्या तेच तुझ्याविरुद्ध दाखवतील. फोटोत काही घाणेरडं केलं असेल तर आजच्या आज मोठ्यांना सांग. १०९८ हा मुलांसाठीचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो.

आईला हे पान वाचायला दे. आई, तुम्ही वाचत असाल तर मोबाइल काढून घेऊ नका. तिनं काही चुकीचं केलेलं नाही आणि काढून घेतलात तर पुढचं काही तुम्हाला सांगणार नाही.

आणि त्या ग्रुपमधली कोणती मुलगी तुला वर्गात अजूनही पेन देते, ते मला कळव.