तंबाखू आवडत नाही, तरी ती सुटत का नाही?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना तंबाखू आता आवडतही नाही, तोंड भाजतं, तरी जेवण झालं की हात पुडीकडे जातोच. मग हे नाटकच समजायचं का? कृपा करून तसं समजू नका. मी व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन करते आणि ‘आवडत नाही, पण राहवत नाही’ हे अगदी खरेपणानं सांगणारी माणसं रोज भेटतात.

आवडणं आणि हवंसं वाटणं ही मेंदूतली वेगवेगळी कामं आहेत. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीला उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, जवळजवळ संपवून पाहिलं. साखरेची गोडी त्यांना लागणार नाही, असा अंदाज होता. पण तोंडात साखरपाणी सोडलं की ते पूर्वीसारखेच ओठ चाटत. समोर ठेवलेलं अन्न मात्र आपणहून खाईनात. म्हणजे डोपामिनला नुसतं ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं बरोबर नाही. त्याचं मुख्य काम ओढ लावण्याचं.

निकोटिन नेमकी हीच ओढ चेतवतं. चुना लावून मळल्यावर ते गालाच्या आतून रक्तात आणखी सहज उतरतं. रोज खाऊन मेंदूत निकोटिन धरणारे रिसेप्टर वाढतात, आणि ते रिकामे राहिले की चिडचिड, बेचैनी, झोपेचं खोबरं.

त्याहून चिवट असते ती खूण. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांना फळांचा रस मिळे. सराव झाल्यावर त्यांच्या डोपामिन पेशी रस मिळताना नव्हे, रस येणार असल्याची खूण दिसताच उसळू लागल्या. तुमच्या वडिलांसाठी जेवून हात धुणं हीच ती खूण.

म्हणून नुसतं ‘मनावर घ्या’ सांगून भागत नाही. जेवल्याबरोबर त्यांना उठवा, बडीशेप द्या, सोबत चार पावलं चाला. चुन्याची डबी घरात ठेवू नका. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. पहिला आठवडा फार जड जातो, तीन-चार आठवड्यांत शरीराचा त्रास बराच उतरतो. खुणांची ओढ मात्र काही महिन्यांनीही उसळू शकते. तेव्हा त्यांना टोमणे मारू नका. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी फोनसेवेवर (क्विटलाइनवर) मोफत सल्ला मिळतो.

आणि तोंड भाजतंय ना, मग या आठवड्यातच दातांच्या डॉक्टरांना दाखवा. तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा पांढरा चट्टा दिसत असेल, तर उद्याच.