टायगर रणगाड्याची १:१६ प्रतिकृती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आजवर मी १:३५ प्रमाणातले रणगाडे जोडले, आता जर्मनीच्या 'टायगर १'चे १:१६ प्रमाणातले किट घेतले आहे. जमवलेल्या छायाचित्रांत काही रणगाड्यांवर बारीक वळ्यांचा लेप दिसतो, तर काहींचे चिलखत गुळगुळीत आहे. चाकेही दोन तऱ्हेची दिसतात. यांपैकी खरे कोणते आणि तपशिलाच्या कामाला कोठून हात घालावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही पाहिलेले सारेच खरे आहे, मात्र ते एकाच रणगाड्यावर एकत्र येत नाही. कासेल येथील हेन्शेल कारखान्यात ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात सुमारे १,३५० टायगर तयार झाले आणि त्या दोन वर्षांत त्यांची घडण सतत बदलत राहिली. सुरुवातीच्या टायगरच्या टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) कमांडरसाठी उभ्या डब्यासारखा, पाहण्यासाठी फटी ठेवलेला कपोला म्हणजे टेहळणीचा छोटा घुमट असे. १९४३ च्या उन्हाळ्यात त्याची जागा पेरिस्कोप बसवलेल्या बुटक्या कपोलाने घेतली. चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून झिमेरिट हा लेप १९४३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून कारखान्यातच चढवला जाऊ लागला, आणि १९४४ च्या आरंभी रबरी धावांच्या चाकांऐवजी पोलादी धावांची चाके आली. पोलादी चाके आणि गुळगुळीत चिलखत ही जोडी जाणकाराच्या डोळ्याला लगेच खटकते, ती यामुळेच.

म्हणून पाते हाती घेण्यापूर्वी आपण कोणता रणगाडा आणि कोणत्या महिन्यातला करणार आहोत, हे कागदावर लिहून काढावे. किटमधले पर्यायी भाग सुंदर दिसतात म्हणून बसवणे, हा या छंदातला सर्वांत मोठा मोह आहे. पहिल्याच मोठ्या प्रतिकृतीसाठी मी क्रमांक १३१ चा टायगर सुचवेन. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिश सैन्याच्या हाती लागला, त्याचा बारकाईने तांत्रिक अभ्यास झाला आणि आज तो इंग्लंडमधील बॉविंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात चालत्या स्थितीत आहे. त्यावर झिमेरिट नाही, त्यामुळे लेपाचे अवघड काम वाचते, आणि छायाचित्रे तर विपुल आहेत. मात्र दुरुस्ती होऊन उभा असलेला रणगाडा आणि रणभूमीवरचा रणगाडा यांत फरक पडतोच. धूळ, खरचटे आणि बाहेर बांधलेले सामान यांसाठी १९४३ मधलीच छायाचित्रे प्रमाण मानावीत.

आता तपशिलाविषयी. १:१६ मध्ये तोफेच्या टोकापर्यंत प्रतिकृतीची लांबी सुमारे ५३ सेंटिमीटर भरते, आणि या आकारात पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी जाडीवर जाते. समोरचे १०० मिलिमीटरचे चिलखत येथे सहा मिलिमीटरहून थोडे अधिक होते, ते किटचे प्लास्टिक सहज पेलते. चिखलपंख्यांची (मडगार्डची) गोष्ट वेगळी आहे : एक मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे प्रत्यक्षात १६ मिलिमीटरचा पत्रा, आणि एवढ्या जाड पत्र्याचा चिखलपंखा कोणत्याही रणगाड्याला नव्हता. ते भाग ०.२ मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून कापावेत, कडा कानशीने साफ कराव्यात आणि सांधे डाख देऊन पक्के करावेत. मग एखादा कोपरा पोचा आल्यासारखा वाकवताही येतो. अवजारांच्या पकडी, झाकणांच्या मुठी आणि दिव्यांच्या तारा यांनाही हाच न्याय लावावा. ओढदोरासाठी सुती दोरा वापरू नये, कारण या प्रमाणात त्याची लव दोरखंडाएवढी दिसते. तांब्याच्या बारीक तारा पिळून केलेला दोर वजनाने खाली लोंबतो आणि खरा वाटतो.

टायगरचे पत्रे एकमेकांत खाचेत बसवून वेल्ड केलेले होते. सांध्यावर एपॉक्सी पुट्टीची अगदी बारीक वळी ठेवावी आणि ती ओली असतानाच सुईच्या टोकाने एकामागून एक चंद्रकोरी दाबत जावे. पोलादाचा पोत पाहायचा असेल तर पुण्याहून अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय एका दिवसात पाहून होते. तेथे टायगर नाही. पण माटिल्डाचे ओतीव टरेट आणि इतर रणगाड्यांचे लाटीव पत्रे शेजारीशेजारी पाहिले की पृष्ठभागातला भेद कायमचा लक्षात राहतो. जर्मन ८८ मिलिमीटर विमानवेधी तोफही तेथे आहे, आणि टायगरची तोफ याच तोफेवरून विकसित झालेली आहे.

प्रश्न : माझ्या टायगरचे ट्रॅक (चाकांभोवतीचे साखळीपट्टे) मी गंजलेल्या नारिंगी रंगात रंगवले, तरी ते खेळण्यासारखे दिसतात. काय चुकले असावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रंग आणि ताण, दोन्ही तपासून पाहा. ट्रॅकच्या कड्या ओतीव मिश्र पोलादाच्या असत आणि चालता रणगाडा त्या सतत घासून काढी. त्यामुळे मूळ रंग गडद, तपकिरीकडे झुकणारा ठेवून खाचांत मातीचा वॉश (पातळ केलेल्या रंगाचा हात) द्यावा आणि जमिनीला व चाकांना टेकणाऱ्या कडांवर शिसपेन्सिलीची पूड घासावी. नारिंगी गंज फार तर एखाद्या दिवसापासून उभ्या असलेल्या वाहनाच्या कोपऱ्यात शोभेल. चिलखतावरचे टवकेही याच मापाने आवरावेत, कारण प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा टवका प्रत्यक्षात अंगठ्याच्या नखाएवढा होतो.

ताणाचे म्हणाल, तर टायगरला वरच्या बाजूने ट्रॅक उचलून धरणारे वेगळे रोलर नव्हते. वरचा ट्रॅक थेट मोठ्या चाकांच्या माथ्यावर टेकत असे. तुमचा ट्रॅक हवेत सरळ ताठ असेल, तर खेळण्याचा भास त्यामुळेच होतो. सुट्या धातूच्या कड्यांचा ट्रॅक स्वतःच्या भाराने बसतो. प्लास्टिकचा असेल तर चाकांच्या माथ्याला चिकटवून घ्यावा. रुंदीही मोजून पाहा. लढाईचा ट्रॅक ७२५ मिलिमीटर रुंद होता, म्हणजे तुमच्याकडे तो ४५ मिलिमीटर हवा. रेल्वेने नेताना ५२० मिलिमीटरचा अरुंद ट्रॅक चढवून बाहेरच्या रांगेतली चाके काढून ठेवत. म्हणून अरुंद ट्रॅक बसवला तर ती चाकेही काढावीत.

प्रश्न : जुलैमध्ये एअरब्रशने लॅकर रंग मारला की त्यावर पांढुरकी छटा येते. रत्नागिरीत पावसाळाभर काम थांबवावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : थांबवू नये. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतले बाष्प ओल्या रंगावर बसते, त्याची ही छटा आहे. सावकाश वाळणारे थिनर वापरावे, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर जोडावा आणि पातळ थर देत जावे. छटा आलीच, तर कोरड्या दिवशी नुसत्या सावकाश थिनरचा अगदी हलका फवारा मारल्यास ती बहुधा निघून जाते. पितळकाम, वेल्डच्या वळ्या आणि ट्रॅकची जोडणी मात्र पावसाळ्यासाठीच राखून ठेवावी.