बाप एकच आहे, मेटिंग करायचं का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. आमची चेरी लॅब्रॅडोर आहे, अडीच वर्षांची, केसीआयची म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची पेपरवाली. खारघरच्या एका फॅमिलीचा रॉकी पण पेपरवाला लॅब, त्यांनी मेटिंगसाठी विचारलंय. दोघांची सर्टिफिकेटं शेजारी ठेवून बघितली तर वडील एकच निघाले, आया वेगळ्या. ब्रीडर म्हणतो हे लाइन ब्रीडिंग आहे, सगळे करतात, पिल्लं उलट छान एकसारखी होतील. सासरे म्हणतात माणसात मामाची मुलगी चालते मग इथे काय बिघडतं. आणि सासूबाईंचं म्हणणं, एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत नाहीतर मादी आजारी पडते. पुढच्या महिन्यात ती हीटवर म्हणजे माजावर येईल. काय करू?

उत्तर: नका करू ताई, या दोघांचं तर नकोच. सर्टिफिकेटं शेजारी ठेवून वाचलीत हे फार चांगलं केलंत, बरेच जण ती फाईलमध्ये टाकून विसरून जातात.

आधी सासऱ्यांचा मुद्दा घेते, कारण हिशोब तिथूनच सुरू होतो. यात एक आकडा असतो, सीओआय म्हणतात, म्हणजे पिल्लाला एखाद्या जीनच्या दोन्ही कॉप्या एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर मुलांचा हा आकडा 6.25 टक्के. चेरी आणि रॉकी ही सावत्र भावंडं, त्यांच्या पिल्लांचा 12.5 टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि तोही त्यांच्या मागे आधी कुठे नात्यातलं मेटिंग झालेलं नाही असं धरून. सख्खी भावंडं किंवा बाप-लेक असतील तर 25 टक्के, आणि असल्या पिल्लांची नोंदणी ब्रिटनच्या केनेल क्लबने 2009 पासून बंदच केली.

ब्रीडर अगदी खोटं बोलत नाही. डोकं, अंगावरचे केस, स्वभाव पक्का करायला नात्यातलं मेटिंग उपयोगी पडतं, सगळ्या ब्रीड अशाच बनल्यात. पण चांगलं जसं डबल होतं तसंच लपलेलं वाईट पण डबल होतं, आणि ते सर्टिफिकेटवर छापलेलं नसतं.

उदाहरण सांगते. लॅबमध्ये पीआरए नावाचा डोळ्यांचा आजार असतो, आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग हळूहळू पूर्ण अंधत्व. त्याची एक खराब कॉपी असलेला कुत्रा आयुष्यभर ठणठणीत असतो, दोन कॉप्या आल्या तरच आजार होतो. समजा त्या सामाईक बापात एक कॉपी आहे. चेरीत ती येण्याची शक्यता निम्मी, रॉकीत निम्मी, दोघांतही असण्याची चारात एक. आणि दोघांत असेल तर प्रत्येक पिल्लाला आजाराचा चान्स 25 टक्के, आठ पिल्लं झाली तर आठही वाचण्याची शक्यता जेमतेम 10 टक्के! बरं हे कळतं कधी तर कुत्रा मोठा झाल्यावर, तोपर्यंत ते पिल्लू कुणाच्या तरी घरचं लाडकं झालेलं असतं, आणि एके दिवशी संध्याकाळी उपवनला फिरायला नेलं की पायरीवर अडखळायला लागतं. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, त्या घराने काही चूक केलेली नसते.

पीआरएची टेस्ट गालाच्या आतून स्वॅब घेऊन होते, ईआयसीची पण. ईआयसी म्हणजे जोरात पळापळी केली की पाच-पंधरा मिनिटांत मागचे पाय लटपटतात आणि कुत्रा बसतो, उन्हात आणखी धोका, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीच आहे. पण टेस्ट फक्त ओळखीच्या आजारांच्या असतात. हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, हा तर एका जीनचा खेळच नाही, त्याला एक्स-रेच काढावा लागतो, तोही गुंगी देऊन, पाठीवर झोपवून, मागचे पाय सरळ ताणून, तेव्हाच मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसलाय का ते दिसतं. चेरीने दोन वर्षं ओलांडलीत म्हणजे तिचा आता काढता येईल. जवळ कुठे होत नसेल तर परळला व्हेटर्नरी कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये विचारा.

सासूबाईंना सांगा, पिल्लं झाल्याने मादी निरोगी राहते असं काही नाही. गर्भाशयात पू होण्याचा आजार पिल्लं झालेल्या मादीलाही होतो, तो टाळायचा खात्रीचा उपाय म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन करून घेणं.

तरीही एकदा पिल्लं हवीच असतील तर ही हीट सोडून द्या, ते तीन आठवडे तिला लीशशिवाय खाली नेऊ नका, पुढची हीट साधारण सहा-सात महिन्यांनी येईल. तेवढ्यात टेस्ट होतात, एक्स-रे होतो, नात्यातला नसलेला आणि टेस्ट केलेला नर शोधता येतो. पिल्लं विकणार असाल तर 2017 च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. आणि आठ घरं आधी शोधा, म्हणजे खरोखरची, नुसतं "आम्हाला पण एक ठेवा हं" म्हणणारी नाहीत.

प्रश्न: नेरुळहून लिहितोय. गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू घेतोय, ब्रीडरने सीओआय शून्य असल्याचं दाखवलं. म्हणजे सेफ ना?

उत्तर: किती पिढ्यांचा हिशोब आहे ते विचारा. तीन पिढ्यांत एकही नाव रिपीट नसेल तर उत्तर शून्यच येतं, पण तोच गाजलेला चॅम्पियन पाचव्या-सहाव्या पिढीत दोन्हीकडून बसलेला असू शकतो, मग आकडा वर जातो. जितक्या जास्त पिढ्यांची नावं मिळतील तितकी मागा, पेन घेऊन रिपीट नावांना गोल करा. आणि आई-बाप दोघांचे हिप एक्स-रे रिपोर्ट बघायला मागा, त्यावर मायक्रोचिप नंबर आहे का आणि तो पेपरवरच्या नंबरशी जुळतो का ते तपासा. "आमच्या लाइनमध्ये असले प्रॉब्लेम नसतात" असं उत्तर आलं तर टोकन देऊ नका.