किनाऱ्यावरच्या घराचं तळघर भाड्याने द्यायचं म्हणतोस?

अरे, गवंड्याला हाक मारण्याआधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा) काढ. नाव एकट्याचंच आहे ना? आपल्याकडे भाडं सुरू झालं की मुंबईचा चुलतभाऊ उगवतोच.

मग भरतीरेषा बघ. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याला या रेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. दाट वस्तीच्या गावांना किनारा आराखडा मंजूर झाल्यावर ५०. घर नेमकं कुठे बसतं, ते लेखी घे.

खरी गोम तळघराची. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत तळघर म्हणजे पार्किंग, सामान. माणसांनी राहायची जागा नव्हे. आपली घरं उतारावर, खालचा मजला एका बाजूने उघडा. तो तळघर की तळमजला, हे आर्किटेक्टकडून नकाशावरच ठरवून घे. मी आधी खोली काढली, मग विचारलं. जुलैत जांभ्यातून पाणी पाझरलं, भाडेकरूची गादी हिरवी झाली, आणि अनामत परत द्यावी लागली ती वेगळीच.

करार नोंदवूनच कर. १९९९ च्या भाडे कायद्यात ती जबाबदारी मालकाची. नोंद नसली की उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं धरतात.