रेडिओ १९२७ला आणि टीव्ही १९५९ला भारतात सुरू झाला, मग घरोघरी पोचायला इतकी वर्षं का लागली?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. रेडिओ १९२७ला आला, टीव्ही १९५९ला आला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मग तुमच्या आजोबांकडे रेडिओ १९६४ला आणि टीव्ही १९८५ला कसा, हा एक. दुसरा, त्यांच्या कपाटात सापडलेलं, पानापानावर तिकिटं चिकटवलेलं आणि पोस्टाचे शिक्के मारलेलं ते पुस्तक कशाचं. माझ्या मते पहिल्याचं निम्मं उत्तर त्या पुस्तकातच आहे.

ते रेडिओच्या परवान्याचं पुस्तक. माझ्या वडलांनी १९६२ साली सातारा जिल्ह्यातल्या लोणंदला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. ते आता मी चालवतो, म्हणजे शटर उघडून बसतो. असली पुस्तकं माझ्याकडे सुतळीने बांधून ठेवलेली आहेत, कारण लोक संच दुरुस्तीला टाकताना पुस्तकही ठेवून जायचे. आणि काही जण पुन्हा आलेच नाहीत. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन परवाना काढायचा, दर वर्षी पैसे भरायचे, पुस्तकावर नोंद करून घ्यायची. माझ्या आठवणीत रेडिओला वर्षाला १५ रुपये होते, टीव्हीला ५०. दुकानदाराला संच बाळगायचा वेगळा परवाना. पोस्टाकडून तपासनीस येतोय अशी कुणकुण लागली की आमच्या गल्लीतले दोन-तीन रेडिओ पोत्याखाली जायचे.

आता मुळाशी जाऊ. १९२७ म्हणतात ते एका खासगी कंपनीचं साल आहे. हौशी मंडळींचे रेडिओ क्लब त्याआधीच होते. मुंबईच्या क्लबने जून १९२३मध्ये कार्यक्रम हवेत सोडले होते, त्याच वर्षी कलकत्त्याने आणि पुढच्या वर्षी मद्रासने. मग इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली आणि २३ जुलै १९२७ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. महिनाभरात कलकत्ता. दोन्हीकडे दीड-दीड किलोवॉटचे ट्रान्समीटर. तीसेक मैलांच्या पुढे नीट ऐकू येईल याची खात्री नाही. म्हणजे ‘भारतात रेडिओ सुरू झाला’ याचा अर्थ मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांत, तोही ज्यांच्याकडे विलायतेहून आणलेला संच होता त्यांच्यापुरता.

कंपनीची सगळी भिस्त परवान्याच्या पैशावर आणि आयात संचांवरच्या वसुलीवर. वर्षाचा परवाना १० रुपये. तोळाभर सोनं वीसेक रुपयांना मिळायचं त्या काळात हे १० रुपये! १९२९ संपताना साऱ्या देशात परवाने होते ७,७७५. आज एखाद्या बऱ्यापैकी गृहसंकुलात याहून जास्त मोबाइल असतील. बरं, परवाना न काढता ऐकणारेही होतेच. मार्च १९३०मध्ये कंपनी बुडाली. १ एप्रिलपासून सरकारने केंद्रं ताब्यात घेतली, दीड वर्षात सरकारलाही हा धंदा आतबट्ट्याचा वाटला आणि ऑक्टोबर १९३१मध्ये केंद्रं बंद करायचा निर्णय झाला. लोकांनी आणि संच विकणाऱ्यांनी आरडाओरडा केला म्हणून पुढच्याच महिन्यात तो फिरवला. धंदा आमचाच असल्यामुळे त्या विक्रेत्यांविषयी मला जरा आपलेपणा वाटतो.

पुढे १९३५ साली सरकारी रेडिओचा कारभार बघायला बीबीसीतून लायोनेल फील्डन आले आणि ८ जून १९३६ला नाव ठरलं ऑल इंडिया रेडिओ. ‘आकाशवाणी’ हे नाव मात्र दिल्लीचं नव्हे. म्हैसूरला गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी १९३५मध्ये स्वतःच्या घरात केंद्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. सरकारने ते पुढे उचललं. केंद्र सुरू होताना वाजणारी ती तंबोऱ्यावरची व्हायोलिनची धूनही अशीच बाहेरून आली. नाझींच्या भीतीने मुंबईला आलेले वॉल्टर कॉफमन हे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघायचे, ती धून त्यांची म्हणतात.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. लाहोर, पेशावर, ढाका पलीकडे गेली. संस्थानांची आणखी पाच, त्यात आपलं औरंगाबाद होतं, निजामाचं. या सहा केंद्रांचा आवाज देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत पोचायचा, आणि देशभरात संच होते पावणेतीन लाखांच्या आसपास. नागपूरला केंद्र आलं १९४८ साली, पुण्याला २ ऑक्टोबर १९५३ला. तोवर आमच्याकडच्या खेड्यांना रेडिओ ही ऐकीव गोष्ट होती.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचा भाग वडलांच्या तोंडून ऐकलेला आहे आणि इंटरनेटवर त्याबद्दल मराठीत फारसं सापडत नाही.

१९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने एक प्रयोग केला, शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा. पुणे केंद्राच्या टापूतले पाच मराठी जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ, एक अध्यक्ष, एक चिटणीस. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. नुसतं ऐकून उठायचं नाही. ऐकायचं, त्यावर बोलायचं, काय ठरलं ते चिटणीसाने लिहून पुण्याला पाठवायचं, आणि मग पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरं यायची.

वडील तेव्हा अठरा वर्षांचे. त्यांच्या मामाच्या गावात असं मंडळ होतं. वीज नव्हती, बॅटरीवर चालणारा संच चावडीत फळीवर ठेवलेला. बटणाला हात लावायची परवानगी फक्त गुरुजींना, कारण तेच चिटणीस. एकदा विषय निघाला उंदरांचा. कार्यक्रम संपला आणि चावडीत भांडण जुंपलं, की आपल्या शिवारातले मारले तरी बांधापलीकडून येणारच, मग औषधाचा खर्च मी एकट्याने का करायचा? गुरुजींनी ते भांडण जसंच्या तसं लिहून पाठवलं. पुढे एका कार्यक्रमात कुणीतरी नेमका हाच सवाल केला आणि अख्खी चावडी एकमेकांकडे बघायला लागली. वडील म्हणायचे, “पेटीत बोलणाऱ्याला आपलं ऐकू जातं, हे त्या दिवशी समजलं. लगेच ती पेटी उघडून बघावीशी वाटली.” पुढच्या वर्षी ते पुण्यात एका रेडिओवाल्याकडे उमेदवारीला लागले. तपकीर गल्लीतून वॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या), कंडेन्सर असे सुटे भाग आणायची कामं करत शिकले.

प्रयोग गाजला, पुढे देशभर श्रोतृमंडळं काढायचं ठरलं. पण मला त्यातली मेख वेगळी दिसते. दीडशे गावांत दीडशे संच म्हणजे एका संचामागे एक गाव. ‘घरोघरी’ ही कल्पनाच तेव्हा सरकारच्या डोक्यात नव्हती. रेडिओ म्हणजे विहिरीसारखा, गावाला एक.

घरात रेडिओ आणला तो गाण्यांनी, आणि त्यात सरकारचा वाटा उलटा आहे. १९५२ साली माहिती-नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण केसकर, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे पक्के भक्त. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या केंद्रावर, अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली! सिलोन लागायचं शॉर्टवेव्हवर, म्हणजे लांबून येणाऱ्या लहरींवर. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, “सिलोन लागतं का?” नुसता मीडियम वेव्हचा संच कुणी बघेना. केसकरांना लोक आजही नावं ठेवतात, आमच्या धंद्याने ठेवू नयेत. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती काढावी लागली. तिच्यावर जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ला, आणि त्या पहिल्यांदा वाजल्या मुंबई-पुणे-नागपूरवर.

अर्थात केसकरांच्याच काळात पुणे केंद्राने गीतरामायण दिलं, हेही म्हटलं पाहिजे. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला माडगूळकर-फडक्यांचं नवं गाणं. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायचे ही अतिशयोक्ती नाही. संचाच्या जाळीत अडकलेली राख वडलांनी स्वतः ब्रशने काढली आहे.

मग साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि गणितच बदललं. वॉल्व्हच्या संचाला वीज हवी, नाहीतर महागडी बॅटरी. बटण दाबल्यावर तापायला अर्धा मिनिट, वर माळवदावर जाळीची एरियल. ट्रान्झिस्टरला चार सेल पुरे. तो कातडी कव्हरात घालून, खांद्याला लावून माणूस मोटेवर न्यायला लागला. तुमच्या आजोबांचा १९६४चा संच बहुधा या दोहोंच्या सांध्यावरचा असणार.

टीव्हीची गोष्ट याच वाटेने गेली, फक्त आणखी सावकाश. १५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत सुरू झाला तो प्रयोग म्हणून. प्रदर्शनात दाखवायला आणलेली फिलिप्सची यंत्रसामग्री वापरून, आकाशवाणी भवनातून, आठवड्यातून दोनदा. बघायला टेलिक्लब, म्हणजे पुन्हा तीच चावडी. रोजचं प्रक्षेपण व्हायला १९६५ उजाडलं. टीव्ही ही चैन आहे, गरीब देशाला परवडणारी नाही, असं दिल्लीत बऱ्याच जणांचं मत होतं. विक्रम साराभाई मात्र उलट म्हणायचे, की खेड्यांनाच तो आधी द्या, आणि थेट उपग्रहावरून द्या. ते स्वतः १९७१ साली गेले, पण त्यांनी जुळवून आणलेला प्रयोग १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर चालला. अमेरिकेचा उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, छपरावर खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तबकड्या. महाराष्ट्र त्या सहात नव्हता.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरचा मनोरा उभा राहिला. सिंहगड ते लोणंद सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर, मधे पुरंदरचे डोंगर. पहिला टीव्ही घेतला कांद्याच्या एका अडत्याने, लाकडी शटरचा, शटरला कुलूप. तीस फुटी पाइप, वर अँटेना, खाली बूस्टर. मी पाइप फिरवायला माळवदावर, वडील खिडकीत. “आलं का?” “आलं... गेलं. मागं घे!” शनिवारी मराठी सिनेमा, त्या दिवशी अडत्याच्या पडवीत शंभर माणसं. पडद्यावर इतक्या मुंग्या की नायिका कोण हे आवाजावरून ओळखायचं. तरी कुणी उठत नसे. मधेच ‘व्यत्यय’ची पाटी आली की सगळे माझ्याकडे बघायचे, जणू मीच पाइप हलवला.

१९७६मध्ये दूरदर्शन आकाशवाणीतून वेगळं झालं, त्याच वर्षी त्यावर जाहिराती आल्या. पैशाचा झरा सापडला म्हणा. १५ ऑगस्ट १९८२ला रंगीत प्रक्षेपण, नोव्हेंबरात दिल्लीचं एशियाड. ऑगस्ट १९८३मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि १९८४ साली लहान ट्रान्समीटर बसवायचा असा सपाटा लागला की जवळजवळ रोज एक सुरू होत होता. उपग्रहावरून उचलायचं आणि आसपासच्या पंचवीसेक किलोमीटरांत सोडायचं. त्याच सुमारास परवान्याची भानगडही सरकारने मिटवून टाकली. आजोबांचा १९८५चा टीव्ही हा या सगळ्याचा परिणाम आहे. त्यांच्या पुस्तकात त्या वर्षाचं तिकीट सापडणार नाही, पानं कोरी असतील.

शेवटचं, आणि हे आधी वाचा: कपाटात पुस्तकाबरोबर संचही असेल तर तो कौतुकाने थेट प्लगमध्ये घालू नका. इतक्या वर्षांत आतले कंडेन्सर सुकलेले असतात, ते फुटतात. काही जुन्या संचांची चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट विजेच्या तारेला जोडलेली असते, मागचा पुठ्ठा निघालेला असेल तर हात लागून झटका बसेल. जवळपास कुणी जुना मेकॅनिक उरला असेल त्याच्याकडे न्या, आणि आधी सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावायला सांगा. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद होत गेला तर अर्धा मिनिट थांबा, डायलमागचा दिवा लागेल.